किरणोत्सारी नॅनोकण: आत्याची केमो थांबवावी का?

अबोली_कराड | मंगळवार, रात्री १०:१४
नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे विभाग चुकला असेल तर व्यवस्थापकांनी धागा हलवावा.

माझ्या आत्याचं (वय ६१) दीड महिन्यापूर्वी मुंबईत स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. स्तन वाचवला, गाठ काढली. काखेतली एक गाठ तपासायला पाठवली होती, ती निगेटिव्ह आली. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. मग सविस्तर रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी केमो सांगितली, त्यानंतर रेडिएशन. इथपर्यंत ठीक.

आता घोळ असा, की आतेभावाला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवलाय. नॅनोकणांवर (म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर) किरणोत्सारी अणू बसवायचे, शिरेतून सोडायचे, ते थेट कॅन्सरच्या पेशीत जाऊन बसतात, स्कॅनमध्ये चमकतात आणि तिथल्या तिथे पेशी जाळतात. केस गळत नाहीत, उलट्या नाहीत. व्हिडिओत निळ्या नळीतून सोनेरी गोळे पळताना दिसतात आणि मागे बासरी वाजते. भाऊ म्हणतो, आईला केमोचा त्रास कशाला, चार महिने थांबू, तोवर हे मुंबईत येईल. आत्या डॉक्टरांचं आणि भावाचं, दोघांचंही ऐकते आणि काहीच बोलत नाही. केमोची तारीख येत्या सोमवारची आहे.

हे कितपत खरं आहे? कुठे मिळतं? आणि थांबणं शहाणपणाचं आहे का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा.

डिंकाचा_लाडू | मंगळवार, रात्री १०:२१
बासरी वाजत असेल तर फॉरवर्ड खोटा. हा माझा आजवरचा बिनचूक नियम आहे. बाकी जाणकार येतीलच, मी पहिल्या रांगेत बसलोय.

हॉटलॅबवाला | मंगळवार, रात्री १०:५८
अबोलीताई, आधी एका ओळीत उत्तर: थांबू नका. ऑपरेशननंतरची केमो ठरलेल्या मुदतीत सुरू होण्याला अर्थ असतो, आणि व्हिडिओतलं औषध स्तनाच्या कर्करोगासाठी आज कुठल्याही दुकानात किंवा रुग्णालयात मिळत नाही. चार महिन्यांत मिळणारही नाही.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (रुग्णालयातला किरणोत्सारी औषधांचा विभाग) तंत्रज्ञ आहे, चौदा वर्षं झाली. बाकीचं उद्या लिहितो, सकाळी साडेसहाला जनरेटरचं दूध काढायचंय.

डिंकाचा_लाडू | मंगळवार, रात्री ११:०२
जनरेटरचं काय काढायचंय??

शंकासुर | बुधवार, सकाळी ७:४०
अपेक्षित प्रतिसाद. स्वस्त आणि सुटसुटीत उपचार आला की लगेच "मिळत नाही". केमोच्या बाजारावर किती जणांचं पोट आहे ते बघा आधी.

हॉटलॅबवाला | बुधवार, दुपारी १:३०
@शंकासुर, किरणोत्सारी औषध सुटसुटीत असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज, बोटात तसाच रिंग बॅज, शिशाच्या विटांमागे हात घालून काम. जेवायला बसलोय म्हणून लिहितोय.

@डिंकाचा लाडू, दूध म्हणजे टेक्नेशियम-९९एम. शिशाच्या जाड डब्यात एक बोटभर स्तंभ असतो, त्यावर मॉलिब्डेनम-९९ बसवलेलं असतं. ते सतत मोडतं आणि त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं. एका बाजूला सलाईनची कुपी लावायची, दुसऱ्या बाजूला हवा काढून घेतलेली रिकामी कुपी. रिकामी कुपी सलाईन ओढून घेते, आणि ते येताना टेक्नेशियम धुऊन आणतं. मॉलिब्डेनम मागेच राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय पुन्हा भरलेली. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं मोडायला लागणारा वेळ, ६६ तास, त्यामुळे सोमवारी भरपूर देते, शुक्रवारपर्यंत आटते. सगळीकडे याला गायच म्हणतात, ही काही आमची काढलेली टूम नाही.

टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास. आज सकाळी दिलेलं उद्या सकाळी सोळाव्या हिश्शाइतकं उरतं. त्यातून गॅमा किरण निघतात, ते शरीराबाहेर येतात आणि कॅमेरा ते टिपतो. याने फक्त बघता येतं, जाळता येत नाही.

गोंयची_माशी | बुधवार, दुपारी १:५२
गाय आटते हे वाचून हसू आलं :) विषय गंभीर आहे, क्षमस्व. आत्याबाईंना आराम पडो.

पेन्शनर_अणुशक्तीनगर | बुधवार, संध्याकाळी ६:१०
वाचून राहवलं नाही. मी समस्थानिक विभागातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. दुधाचा हिशोब तंत्रज्ञसाहेबांनी सांगितला, मी जाळण्याचा सांगतो.

जाळायला बीटा किंवा अल्फा कण लागतात. ते ऊतीत फार लांब जात नाहीत. बीटा एखाददोन मिलिमीटर, अल्फा तर जेमतेम काही पेशींची रुंदी. म्हणजे अणू नेमका गाठीत पोचला तर सोनं, नाही पोचला तर जिथे पोचला तिथे नुकसान. सध्याचा लाडका म्हणजे ल्युटेशियम-१७७, अर्धायुष्य साधारण पावणेसात दिवस. बीटा देतो, जोडीला थोडा गॅमाही देतो, त्यामुळे जाळतानाच कॅमेऱ्यात दिसतो. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत समृद्ध ल्युटेशियम-१७६ ठेवून तो बनवतात. न्यूट्रॉन गिळण्यात हा गडी भलता तरबेज आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या भट्टीतही चांगला निघतो.

आता लक्षात घ्या, ल्युटेशियमची आज जी औषधं चालतात, न्यूरोएन्डोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठीचं डोटाटेट म्हणा, प्रोस्टेटसाठीचं पीएसएमए म्हणा, त्यांत नॅनोकण नाही. तो एक लहानसा रेणू आहे. एका टोकाला पिंजरा, त्यात ल्युटेशियम. दुसऱ्या टोकाला किल्ली, जी त्या विशिष्ट पेशीवरच्या कुलपात बसते. अमेरिकेत डोटाटेटला जानेवारी २०१८ मध्ये आणि पीएसएमएवाल्याला मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे परळच्या विकिरण औषध केंद्रात डोटाटेट त्याच्या कितीतरी आधीपासून देतात. व्हिडिओवाल्याने बहुधा याचंच यश त्या सोनेरी गोळ्यांच्या नावावर खपवलं असावं.

थायरॉईडताई | बुधवार, संध्याकाळी ७:०५
काका, छान लिहिलंत. मी थायरॉईडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलंय. त्यातही नॅनो वगैरे नव्हतं ना? एक कॅप्सूल आली, शिशाच्या भांड्यातून, नर्सने लांब चिमट्याने दिली आणि पाऊल न वाजवता पळाली. मी एकटी त्या खोलीत. रिमोटलाही प्लास्टिकची पिशवी. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं की आत नेलेलं पुस्तक कदाचित तपासणी होईपर्यंत बाहेर आणता येणार नाही. लायब्ररीचं होतं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, पण दंड मी भरला :(

संडासाचं पाणीसुद्धा थेट गटारात न जाता टाकीत साठवून ठेवतात, हे तिथल्या मावशींनी सांगितलं. त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहिती होती.

पेन्शनर_अणुशक्तीनगर | बुधवार, संध्याकाळी ७:३०
बरोबर, डिले टँक म्हणतात त्याला. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, टाकीत मुरू द्यायचं आणि मग सोडायचं. आणि ताई, आयोडीनला वाहन लागतच नाही. थायरॉईड स्वतःच आयोडीन ओढते, त्या अणूला घरचा पत्ता तोंडपाठ आहे. स्तन, फुप्फुस, मेंदू यांना असा कुठला लाडका अणू नाही. म्हणून तर वाहनाची सगळी यातायात, मग तो किल्लीवाला रेणू असो की नॅनोकण.

सांगलीची_हळद | बुधवार, रात्री ८:१५
आपल्याकडे सुवर्णभस्म हजारो वर्षांपासून आहे. ते नॅनोच असतं हे आता शास्त्रज्ञही मान्य करतात. अमेरिकेत एका भारतीय शास्त्रज्ञाने सोन्याच्या नॅनोकणांनी कॅन्सर बरा केला हे मी स्वतः वाचलं आहे. चहा आणि डिंक वापरून. आता बोला.

डिंकाचा_लाडू | बुधवार, रात्री ८:१७
माझं नाव कुणी घेतलं?

टेक्सासचा_पाहुणा | बुधवार, रात्री ११:४५ (इकडे दुपार आहे)
सांगलीची हळद, तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार सुंदर आहे. मूळचे कर्नाटकातले कट्टेश कट्टी मिसुरी विद्यापीठात हे काम करतात. सोन्याचे नॅनोकण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांना वरून काहीतरी लेप लागतो. त्यांच्या गटाने एकदा अरबी डिंक वापरला आणि एकदा चहातला ईजीसीजी नावाचा घटक. चहावालं काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रोस्टेटच्या गाठी असलेल्या उंदरांत एकाच इंजेक्शननंतर चार आठवड्यांनी, उपचार न केलेल्या उंदरांच्या तुलनेत गाठी सुमारे ८० टक्क्यांनी लहान होत्या.

आता उरलेलं अर्धं. एक, ते उंदीर होते. दोन, इंजेक्शन शिरेत नाही, थेट गाठीत दिलं होतं. तीन, ते सोनं आपल्या अंगठीतलं नव्हे. अंगठीतलं सोनं-१९७ स्थिर असतं, हे सोनं-१९८ होतं, अणुभट्टीतून काढलेलं, २.७ दिवस अर्धायुष्याचं. सुवर्णभस्मात किरणोत्सार नसतो. असला तर वैद्यबुवांना अटक होईल.

पेन्शनर_अणुशक्तीनगर | गुरुवार, सकाळी ६:०५
सोनं-१९८ म्हटल्यावर झोप उडाली. अहो, हे तर आमच्याही आधीच्या पिढीचं! १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कर्करोगाने छातीत किंवा पोटात पाणी होणाऱ्या रुग्णांना सोनं-१९८ चा कलिल द्रव आत सोडत. कलिल म्हणजे नॅनोकणच की, फक्त तेव्हा नॅनो शब्दाला भाव नव्हता. यकृताच्या स्कॅनलाही तेच वापरत. पुढे टेक्नेशियम आलं आणि सोनं मागे पडलं.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो, जी त्या बासरीवाल्याला माहीत नसणार. थोरोट्रास्ट. थोरियम डायऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण, १९३० च्या सुमारापासून एक्स-रेत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेत टोचत. चित्र इतकं सुरेख यायचं की डॉक्टर खूश. रुग्णाला काही व्हायचंही नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षीही नाही. पण ते कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसले ते कायमचे, आणि थोरियम अल्फा सोडत राहिलं. वीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग दिसू लागले, त्यातला एक तर एरवी अतिशय दुर्मिळ. १९५० च्या दशकात वापर थांबला, पण ज्यांच्या अंगात गेलं होतं त्यांचं काय? थोरियमचं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं. रुग्णाचं नाही.

तेव्हा "नॅनोकण शरीरात सोडले" असं ऐकलं की मी आधी विचारतो, बाहेर कधी येणार?

गोंयची_माशी | गुरुवार, सकाळी ७:२०
बापरे. चहा हातातच राहिला.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ९:००
थोरोट्रास्टबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग काकांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं संशोधन बंद करायचं का? इतके शोधनिबंध येतात ते काय हवेत?

टेक्सासचा_पाहुणा | गुरुवार, सकाळी ९:५० (झोप येत नाहीये)
बंद कशाला, माझं पोट त्यावर आहे :) मी लायपोसोमवर काम करतो, म्हणजे मेदाचे १०० नॅनोमीटरच्या आसपासचे फुगे. पण आतल्या गोटातलं दुखणं सांगतो.

१९८६ मध्ये जपानच्या कुमामोतोमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, गळक्या असतात. मोठे रेणू तिथून आत झिरपतात, आणि निचरा नीट नसल्याने आतच राहतात. त्यावर पुढची तीस वर्षं आमचं सगळं क्षेत्र उभं राहिलं. थेट गाठीत काही टोचायचं नाही, शोधायचं नाही, कण आपोआप गाठीत साचणार. उंदरांत ते दिसतंही झकास. पण वीस ग्रॅमच्या उंदरात एक ग्रॅमची गाठ म्हणजे साठ किलोच्या माणसात तीन किलोची गाठ. तेवढी मोठी, तेवढ्या झपाट्याने वाढलेली गाठ माणसात कुठे असते?

२०१६ मध्ये टोरोंटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले शोधनिबंध एकत्र करून हिशोब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात किती? मध्यक ०.७ टक्के. तेही प्राण्यांत. तो निबंध आला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत सुतकी वातावरण होतं.

डिंकाचा_लाडू | गुरुवार, सकाळी ९:५८
आणि उरलेले ९९.३ टक्के?

टेक्सासचा_पाहुणा | गुरुवार, सकाळी १०:०४
बरेचसे यकृत आणि प्लीहा. यकृतातल्या कुप्फर पेशींचं कामच रक्तातला कचरा गिळणं हे आहे, आणि त्यांच्या लेखी आमचा कण हा कचराच. म्हणून त्याला पीईजी नावाच्या पॉलिमरचा रेनकोट घालतात, की ओळखू येऊ नये. पहिल्यांदा ते फसतात. मग शरीर त्या रेनकोटविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं, आणि दुसरा डोस कधीकधी पहिल्यापेक्षा लवकर पकडला जातो.

साध्या केमोच्या औषधात ०.७ टक्के एकवेळ चालून जाईल. पण कणावर ल्युटेशियम बसवलंय आणि तो यकृतात मुक्कामाला गेलाय, तर काय जळेल ते काकांच्या थोरोट्रास्टवरून समजा.

यातून वाट काढणारेही आहेत. अमेरिकेत कॉर्नेलचे सिलिकाचे ठिपके आहेत, जेमतेम ६-७ नॅनोमीटरचे, म्हणजे इतके लहान की काम झाल्यावर मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतात. त्यांवर आयोडीन-१२४ बसवून मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पाच रुग्णांत पेट स्कॅन केले, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पाच रुग्ण! व्हिडिओत पाच कोटी वाटतात.

अबोली_कराड | गुरुवार, दुपारी १२:३०
सगळ्यांचे आभार. भावाला धागा पाठवला. तो म्हणतो, "हे लोक नकारात्मक आहेत, माणसांवर यश आलंय असं एक तरी उदाहरण नाही का?" खरंच नाही का?

टेक्सासचा_पाहुणा | गुरुवार, रात्री ९:१५
आहेत, पण प्रत्येकाला शेपूट आहे.

लंडनमध्ये २००१ साली इंडियम-१११ लावलेले लायपोसोम १७ रुग्णांना देऊन कॅमेऱ्याखाली पाहिलं. १५ जणांच्या गाठी चमकल्या. म्हणजे माणसातही कण पोचतात हे सिद्ध. पण डोके-मानेच्या गाठींत दर किलोमागे सुमारे ३३ टक्के, फुप्फुसात १८, आणि स्तनाच्या गाठींत जेमतेम ५. गाठ किलोभर नसते हे लक्षात घ्या, त्यामुळे खरा वाटा याहून फार कमी. तुमच्या भावाला तो स्तनाचा आकडा दाखवा.

पुढे २०१७ मध्ये तांबं-६४ लावलेल्या, आत केमोचं औषध भरलेल्या लायपोसोमचा अभ्यास आला, पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या १९ रुग्णांचा. सगळ्यात कमी शोषणाऱ्या आणि सगळ्यात जास्त शोषणाऱ्या गाठीत पस्तीस पटींचा फरक. मला यातलं खरं सोनं हे वाटतं. किरणोत्सारी खूण लावून आधी बघायचं की कुणाच्या गाठीत कण शिरतो, आणि ज्यांच्यात शिरतो त्यांनाच ते औषध द्यायचं. जाळण्याआधी बघणं. पण ते औषधही मोठ्या चाचणीत टिकलं नाही, चाचणी २०१६ मध्येच थांबवली होती.

तिसरं माझ्या गावाजवळचं, सॅन अँटोनियोचं. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा फार वाईट कर्करोग. तिथे लायपोसोममध्ये ऱ्हेनियम-१८६ भरून बारीक नळीने थेट गाठीत सोडतात. शीर नाही, यकृत नाही, वाटेत कुणी अडवणारा नाही. २१ रुग्णांचा पहिला टप्पा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीला १०० ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) जास्त मात्रा मिळाली ते मध्यकाने १७ महिने जगले, बाकीचे ६. तुलनेसाठी, बाहेरून रेडिएशन देतात ते साधारण ६० ग्रे असतं. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि लहान गाठीला जास्त मात्रा देणं मुळात सोपं असतं. म्हणून आशा आहे, पण पेढे नकोत.

पेन्शनर_अणुशक्तीनगर | गुरुवार, रात्री ९:४०
उत्तम प्रतिसाद. एक भर. ॲक्टिनियम-२२५ नावाचा अल्फावाला अणू सध्या जगभर हवाहवासा झालाय. त्याची खोड अशी, की अल्फा कण सुटला की मागे उरलेला अणू तोफेच्या गाड्यासारखा उलटा धक्का खातो. तो धक्का रासायनिक बंधापेक्षा हजारो पटींनी जोरदार, त्यामुळे कसलाही पिंजरा तुटतो आणि किरणोत्सारी लेकरू रक्तात मोकाट सुटतं. तिथे रेणूऐवजी घट्ट, घन नॅनोकण वापरला तर लेकरू निदान काही प्रमाणात आतच अडकून राहतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत लँथॅनम फॉस्फेटचा गाभा आणि वर सोन्याचा मुलामा, असे कण करून पाहिलेत. इथे मला नॅनोकणाची खरी गरज दिसते. बाकी ठिकाणी बऱ्याचदा हौस.

रच्याकने, ट्रॉम्बेत बनणारे भाभास्फिअर नावाचे काचेचे गोळे यकृताच्या कर्करोगात वापरतात, त्यात इट्रियम-९० असतं. पण ते नॅनो नाहीत, मायक्रो आहेत, जाणूनबुजून मोठे. यकृतातल्या गाठीचं पोषण मुख्यतः धमनीतून होतं, निरोगी यकृताचं मुख्यतः दुसऱ्या शिरेतून. धमनीत गोळे सोडले की ते गाठीच्या बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. पुढे जायचं नाही, हेच त्यांचं कसब.

डिंकाचा_लाडू | गुरुवार, रात्री ९:४४
म्हणजे कार्यालयातल्या आमच्या फाइलीसारखे.

व्यवस्थापक | गुरुवार, रात्री १०:००
सुवर्णभस्मावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर राहावे.

हॉटलॅबवाला | शुक्रवार, दुपारी २:१०
दोन दिवस यंत्र बंद होतं, आत्ता वाचतोय. टेक्सासवाल्यांना आणि काकांना सलाम. पण अबोलीताईंच्या भावाचा प्रश्न, "माणसांवर यश आलेलं एक तरी उदाहरण", याचं सगळ्यात साधं उत्तर कुणीच दिलं नाही याची गंमत वाटते. मी ते आठवड्यातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने बनवतो.

ताई, आत्याच्या काखेतली "एक गाठ" तपासली असं तुम्ही लिहिलंय. एकच का तपासली? काखेत तर अशा लसिकागाठी (शरीरातला कचरा गाळणाऱ्या, कर्करोगाच्या नव्हेत) पुष्कळ असतात. ती नेमकी कुठली हे सर्जनला कसं कळलं? जमलं तर आत्याची फाइल काढून ऑपरेशनच्या सकाळचा किंवा आदल्या दिवसाचा न्यूक्लिअर मेडिसिनचा कागद बघा. सेंटिनेल असं काहीतरी लिहिलेलं असेल.

अबोली_कराड | शुक्रवार, रात्री ९:५०
बघितला. चष्मा लावून दोनदा वाचला. "टेक्नेशियम-९९एम नॅनोकोलॉइड, १ मिलिक्युरी, पेरिअरिओलर." नॅनो?!!

आत्याला विचारलं तर म्हणाली, "व्हय की. मुंगळा चावल्यावानी सुई टोचली, मग त्या पोरीनं दोन मिनिटं चोळायला लावलं. आन ऑपरेशन झाल्यावर लघवी हिरवी झालती, मी घाबरून सिस्टरला हाक मारली." हे तिने आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

हॉटलॅबवाला | शुक्रवार, रात्री १०:२०
हिरवी लघवी निळ्या रंगामुळे, तो सर्जन वेगळा टोचतात. नॅनोकोलॉइड आमचं, ते स्तनाग्राभोवती टोचतात.

सांगतो. पांढऱ्या भुकटीची लहान कुपी येते. काही ठिकाणी अल्ब्युमिनचे कण असतात, काही ठिकाणी गंधकाचे, बारीक फिल्टरमधून गाळलेले. त्यात सकाळचं दूध घालायचं, हलवायचं, थांबायचं, मग कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून तपासायचं की टेक्नेशियम कणांवर नीट बसलंय ना. अल्ब्युमिनचे कण बहुतेक ८० नॅनोमीटरच्या आत. फार बारीक असले तर रक्तात पळतात किंवा पुढच्या पुढच्या गाठींत घुसत जातात. फार मोठे असले तर टोचल्या जागीच बसून राहतात. मधल्या मापाचे लसिकेतून (ऊतींतून निथळणाऱ्या पाणीदार द्रवातून) हळूहळू काखेकडे निघतात आणि पहिल्याच गाठीतल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. म्हणजे टेक्सासवाल्यांना जी पेशी यकृतात छळते, तिचीच चुलत बहीण इथे आमचं काम फुकटात करते.

कर्करोग काखेकडे निघाला असता तर त्याच वाटेने पहिल्या त्याच गाठीत गेला असता. म्हणून ती पहारेकरी गाठ. सर्जन मार्करपेनाएवढा प्रोब काखेवर फिरवतात, तो जवळ आला की टुंटुंटुं वाजत सुटतो. सगळ्यात गरम गाठ काढायची, मग उरलेल्यांत तिच्या दहा टक्क्यांहून जास्त मोजणी देणारी कुठली असेल तर तीही. बाकी काख जशीच्या तशी.

पूर्वी सगळ्याच गाठी सरसकट काढत. मग कित्येक बायकांचा हात जन्मभर सुजलेला राहायचा. आत्यांचा हात कसा आहे?

अबोली_कराड | शुक्रवार, रात्री १०:४१
हात एकदम बरा. आज सकाळी माझ्यासमोर सहा भाकऱ्या थापल्या. मी रागावले तर म्हणाली, डॉक्टरनी हात हलवायलाच सांगितलाय.

थायरॉईडताई | शुक्रवार, रात्री १०:४५
डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासूबाईंचा हात मी पाहिलाय, बांगडी कापून काढावी लागली होती.

शंकासुर | शुक्रवार, रात्री ११:१०
माझे शब्द मागे घेतो. पण शंका आहेच: पहारेकरी गाठ निगेटिव्ह, मग केमो कशाला?

हॉटलॅबवाला | शुक्रवार, रात्री ११:२५
रास्त शंका. काखेची वाट बंद होती एवढंच त्या गाठीने सांगितलं. रक्ताची वाट वेगळी. गाठीचा प्रकार, ग्रेड, हार्मोन आणि हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) हे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. ते मी सांगणं बरोबर नाही, मी दूधवाला आहे. अबोलीताई, भावालाच सोबत न्या आणि डॉक्टरांना त्याच्यासमोर विचारा, "केमोने आत्याचा नेमका किती फायदा?" ते आकड्यात सांगतात.

गोंयची_माशी | शनिवार, सकाळी ८:३०
एक बाळबोध प्रश्न. पुढे रेडिएशन सुरू झाल्यावर आत्याबाईंनी नातवंडांना जवळ घेतलं तर चालतं का? आमच्या शेजारणीला वेगळं ताट दिलं होतं.

पेन्शनर_अणुशक्तीनगर | शनिवार, सकाळी ८:५०
खुशाल घ्या. बाहेरच्या यंत्राने देतात त्या रेडिएशनमध्ये यंत्र बंद की किरण बंद, अंगात काही उरत नाही. टॉर्च विझवल्यावर भिंत चमकत नाही. आणि त्या सकाळच्या टेक्नेशियमचं म्हणाल तर ते कधीच सरलं. वेगळं ताट दिलं त्या शेजाऱ्यांना हा धागा पाठवा.

अबोली_कराड | सोमवार, संध्याकाळी ७:१५
पहिली सायकल झाली. भाऊ आला होता. डॉक्टरांना त्याने अर्धा तास प्रश्न विचारले, त्यात व्हिडिओही दाखवला. डॉक्टर हसले नाहीत, फाइल उघडून त्याला तोच कागद दाखवला. परतताना आत्या गाडीत त्याला म्हणाली, "तुझं ते सोन्याचं गोळं माझ्या अंगात आधीच जाऊन आलं, तू उगा चार महिनं थांबायला लागला हुतास."

सध्या मळमळ आहे, थोडं वरण-भात खाल्लं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

डिंकाचा_लाडू | सोमवार, संध्याकाळी ७:२२
आत्यांना माझा साष्टांग नमस्कार. लाडू पाठवू का? अरबी नाही, आपला साधा धावड्याचा डिंक.

अबोली_कराड | सोमवार, संध्याकाळी ७:३०
आत्या विचारतेय, त्यात खारीक किती घालता?